‘सिग्निफिकंट’ म्हणजे महत्त्वाचं नव्हे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या पीएचडीच्या कामाला ज्या जिल्हा परिषद शाळांनी मदत केली होती, तिथल्या शिक्षकांना निष्कर्ष सांगायला मी गेले होते. स्लाइड्स मराठीत केल्या होत्या. एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत वाक्य होतं, ‘दोन्ही गटांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला.’ मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, “मॅडम, लक्षणीय म्हणजे नेमकं किती? यासाठी मी रोजचा अर्धा तास काढू का?”

माझ्याकडे पी व्हॅल्यू होती. ‘किती’चं उत्तर नव्हतं. म्हणजे आउटपुटच्या टेबलात ते होतं, पण स्लाइडवर आणायचं मला सुचलंच नव्हतं. घरी येऊन टेबल पुन्हा उघडलं, तर फरक इतका लहान होता की त्यासाठी त्या सरांना वेळापत्रक बदला असं सांगायची माझी हिंमत झाली नसती. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. तरी माझ्या एका शब्दाने त्या खोलीतल्या सगळ्यांची दिशाभूल केली होती, आणि त्यात मीसुद्धा आले.

तो शब्द म्हणजे सिग्निफिकंट. तुम्ही नेट-सेट, पेट किंवा कोर्सवर्कची तयारी करत असाल तर तो रोज भेटत असणार. आज मला त्याच्याविषयी थोडं भांडायचं आहे.

एकाच प्रबंधात तीन अर्थ

आपल्याकडचा, विशेषतः शिक्षणशास्त्रातला, कुठलाही प्रबंध उघडा. पहिल्या प्रकरणात ‘सिग्निफिकन्स ऑफ द स्टडी’ असं उपशीर्षक असतं. मराठी प्रबंधात तेच ‘संशोधनाचे महत्त्व’ होतं. इथे शब्दाचा अर्थ सरळ आहे : हे काम का करायचं, कुणाला उपयोगी पडणार.

चौथ्या प्रकरणात तोच शब्द पुन्हा येतो, ‘०.०५ सार्थकता स्तरावर लक्षणीय फरक दिसून येत नाही, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो.’ इथे अर्थ संख्याशास्त्रीय आहे आणि पहिल्याशी त्याचा जवळजवळ काही संबंध नाही. त्याच प्रकरणातल्या कोष्टकात सरासरी दशांश चिन्हानंतर किती अंक द्यायची हा प्रश्न येतो, तिथे ‘सिग्निफिकंट फिगर्स’, म्हणजे आपण शाळेत शिकलेले सार्थक अंक. मोजमाप जितकं अचूक, तितकेच अंक लिहायचे, एवढाच तिथला अर्थ. शेवटी ऋणनिर्देशात नवऱ्याचे किंवा बायकोचे आभार मानताना एखादा हौशी संशोधक ‘सिग्निफिकंट अदर’ लिहितो, तो चौथा!

शब्दाला अनेक अर्थ असणं हा काही गुन्हा नाही. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, टॅक्स आणि आज्ञाही. आपला गोंधळ होत नाही, कारण संदर्भ वेगळे असतात. सिग्निफिकंटची अडचण अशी की त्याचे पहिले दोन अर्थ एकाच संदर्भात, कधीकधी एकाच वाक्यात शेजारी राहतात. वाचकाने कुठला घ्यायचा हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

मुळात खूण

लॅटिनमध्ये सिग्नम म्हणजे खूण. खूण करणारं, कशाकडे तरी बोट दाखवणारं ते सिग्निफिकंट. संख्याशास्त्रात हा शब्द आला तो याच अर्थाने. १८८५ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ यांनी प्रश्न मांडला तो साधारण असा : दोन सरासऱ्यांत जो फरक दिसतो तो निव्वळ योगायोग आहे, की खऱ्या फरकाची खूण आहे? ‘फरक सिग्निफिकंट आहे’ याचा अर्थ एवढाच होता की तो कशाकडे तरी निर्देश करतो आहे. तो मोठा आहे, मोलाचा आहे, असं त्यात नव्हतं.

आता गंमत बघा. मराठीत आपण जो प्रतिशब्द घेतला, लक्षणीय, त्याचं घराणं तसंच आहे. लक्षण आणि लक्षणीय एकाच धातूपासून आलेले. डॉक्टर विचारतात, “लक्षणं काय आहेत?” ताप हे लक्षण. ताप आहे म्हणजे शरीरात काहीतरी चाललंय. पण साधा फ्लू आहे की काही गंभीर, हे नुसत्या ‘ताप आहे’वरून कळत नाही. संख्याशास्त्रातला सिग्निफिकंट हा असा ताप आहे. दुर्दैव असं की बोलताना आपण लक्षणीय मधलं लक्षण विसरलो. ‘लक्षणीय वाढ’ म्हटलं की आपल्याला भरपूर वाढ ऐकू येते. इंग्रजीत जी घसरण झाली, तीच आपल्याकडे झाली.

दुसरा प्रतिशब्द सार्थ किंवा सार्थक. ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ म्हणजे अर्थासहित ज्ञानेश्वरी, इथवर ठीक. पण ‘जन्माचं सार्थक झालं’ हेही आपण म्हणतो. आणि सार्थच्या उलट काय? निरर्थक! निष्कर्ष ‘सार्थ नाही’ आला की विद्यार्थ्याचा चेहरा पडतो तो उगाच नाही. तीन वर्षांची मेहनत निरर्थक गेली असंच त्याला ऐकू येतं. मग तो निष्कर्ष कपाटात जातो. रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९ मध्ये या प्रकाराला नावच दिलं, ‘फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम’.

चहाचे आठ कप

आता संख्याशास्त्रातला अर्थ नीट पाहू. रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या पुस्तकातलं उदाहरण तुम्ही कदाचित ऐकलं असेल. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मी चवीवरून सांगते. आठ कप ठेवले, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. त्यांनी ‘दूध आधी’वाले चार ओळखायचे. आठातून चार निवडायचे ७० प्रकार असतात आणि बरोबर त्यांपैकी एकच. म्हणजे बाईंना काहीही कळत नसेल आणि त्या नुसता अंदाज करत असतील, तर सगळं बरोबर येण्याची शक्यता ७० त १, साधारण १.४ टक्के. हीच पी व्हॅल्यू, ०.०१४.

इथे शब्दांचा क्रम पक्का लक्षात ठेवा. ‘बाईंना काही कळत नसेल तर’ असा निकाल येण्याची शक्यता १.४ टक्के. ‘असा निकाल आला म्हणून बाईंना काही कळत नसण्याची शक्यता १.४ टक्के’ हे वेगळं वाक्य आहे आणि ते चूक आहे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि दहातले बरेच जण इथे घसरतात. मीही घसरले होते.

आणि या आकड्यात काय काय नाही तेही बघा. ही चव ओळखून जगाचं काय भलं होणार, हे त्यात नाही. एक कप चुकला असता तर काय, हेही वेगळं गणित आहे. योगायोगाच्या गृहीतकाशी हा निकाल किती विसंगत आहे, एवढंच तो सांगतो.

मग ०.०५ कुठून आलं? १९२५ च्या पुस्तकात फिशर यांनी वीसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या पलीकडचं साधारण तेवढंच असतं. पुढच्याच वर्षी त्यांनी हेही लिहिलं की एखादी गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा करूनही ही पातळी क्वचितच चुकते. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा गाळला. ही मर्यादा निसर्गाने दिलेली नाही, याचा पुरावा म्हणजे दुसऱ्या शाखा वेगळी मर्यादा वापरतात. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनची घोषणा झाली तेव्हा निकष पाच सिग्माचा होता, म्हणजे साधारण ३५ लाखांत एक.

दोन बाजूंनी फसवणूक

एक कल्पित उदाहरण घेऊ, आकडेमोड तुम्ही स्वतः करून पाहा. समजा, १०० गुणांची चाचणी आहे आणि प्रमाण विचलन १५ आहे.

पहिला अभ्यास : प्रत्येक गटात ५,००० मुलं, सरासरीतला फरक १ गुण. प्रमाण त्रुटी ०.३ येते. म्हणजे फरक त्रुटीच्या तिपटीहून जास्त, पी व्हॅल्यू ०.००१ च्या आत. निकाल अत्यंत ‘सिग्निफिकंट’.

दुसरा अभ्यास : प्रत्येक गटात ५० मुलं, सरासरीतला फरक ५ गुण. प्रमाण त्रुटी ३. पी व्हॅल्यू साधारण ०.१०. निकाल ‘सिग्निफिकंट नाही’.

आता सांगा, शाळेने कुठल्या पद्धतीकडे जास्त लक्ष द्यावं? पहिलीत फरक आहे याची खात्री बरीच, पण तो शंभरात एक गुण. दुसरीत फरक पाच गुणांचा असू शकतो, पण कॉन्फिडन्स इंटर्व्हल साधारण उणे १ ते ११ गुण. म्हणजे काहीच नाही इथपासून खूप मोठा इथपर्यंत सगळं शक्य. याचं प्रामाणिक उत्तर ‘अजून माहीत नाही’ असं आहे. पण आपल्या साच्यातल्या वाक्यात काय येतं? ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो.’ म्हणजे फरक नाहीच, असं जाहीर होतं. खरं तर या दुसऱ्या अभ्यासाचा आकारच असा आहे की ५ गुणांचा फरक खरोखर असला, तरी तो पकडला जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहूनही कमी. बारीक जाळं नसताना मासा मिळाला नाही म्हणून तळ्यात मासे नाहीत, असं म्हणण्यासारखं हे आहे. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच बजावलं होतं की पुरावा नसणं हा नसल्याचा पुरावा नव्हे.

परीक्षकांनाही इथे दोष द्यायला हवा. ‘स्वीकार’ हा शब्द विद्यार्थी स्वतःहून लिहीत नाहीत. मागच्या प्रबंधातून तो पुढच्या प्रबंधात उतरत येतो आणि कुणी खोडत नाही.

ॲस्पिरिनची गोष्ट

हे सगळं वर्गातलं उदाहरण झालं. आता खरं पाहू. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना एक दिवसाआड ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. सरासरी पाच वर्षांचा काळ. १९८९ मध्ये अंतिम अहवाल आला. ॲस्पिरिनच्या गटात हृदयविकाराचे झटके १३९, दुसऱ्या गटात २३९. पी व्हॅल्यू ०.००००१ हून कमी.

‘सिग्निफिकंट’ तर आहेच. पण किती? सापेक्ष भाषेत धोका ४४ टक्क्यांनी घटला. निरपेक्ष भाषेत साधारण २.२ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर आला, म्हणजे एक टक्क्याहून कमी फरक. साधारण ११० जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा झटका टळतो. हे खूप आहे की थोडं? पी व्हॅल्यू यावर गप्प आहे. घेणाऱ्याचा धोका, वय, दुष्परिणाम, खर्च यांवर ते ठरतं.

याच अहवालात दुसरा आकडा आहे. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या घटना ॲस्पिरिन गटात २३ आणि दुसऱ्या गटात १२. जवळपास दुप्पट. पी व्हॅल्यू ०.०६. आपल्या साच्यात टाकलं तर ‘लक्षणीय फरक दिसून येत नाही’. तुमच्या वडिलांना गोळी द्यायची असती तर या वाक्यावर तुम्ही समाधान मानलं असतं का? पुढच्या काळात रक्तस्रावाच्या धोक्याचा पुरावा साठत गेला आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने, हृदयविकार नसलेल्या ६० वर्षांवरील लोकांनी प्रतिबंध म्हणून नव्याने ॲस्पिरिन सुरू करू नये, अशी शिफारस केली. (औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, हा लेख वाचून नको.)

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही पोचला होता. सर्दीच्या एका औषधाने वास घेण्याची क्षमता जाते अशा तक्रारी होत्या, आणि त्या गुंतवणूकदारांना सांगितल्या नाहीत असा कंपनीवर आरोप होता. कंपनीचा बचाव असा की तक्रारींची संख्या संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिग्निफिकंट नव्हती. २०११ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की सांगण्याजोगं काय आणि काय नाही, हे नुसत्या या एका निकषावर ठरत नाही.

मग शब्दच काढून टाकायचा?

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी व्हॅल्यूबद्दल निवेदन काढलं. त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक असं की पी व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा निष्कर्षाचं महत्त्व मोजत नाही. २०१९ मध्ये याच संस्थेच्या नियतकालिकाच्या विशेषांकात संपादकीयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ हे शब्द वापरणंच थांबवा. त्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये अशाच आशयाचा लेख आला, त्याला ८०० हून जास्त जणांनी पाठिंबा दिला.

विरोधही झाला, आणि तो हलका नव्हता. जॉन आयोनिडिस यांचं म्हणणं असं की आधी ठरवलेली रेषा काढून टाकली तर प्रत्येक जण आपल्या सोयीप्रमाणे निष्कर्ष फुगवेल. त्याआधी ७२ संशोधकांच्या एका गटाने सुचवलं होतं की नव्या शोधांसाठी रेषा ठेवा, पण ०.००५ वर न्या.

माझं मत विचाराल तर मला आयोनिडिसांची भीती खरी वाटते. आपल्याकडे डेटा हातात आल्यावर परिकल्पना बदलण्याचे प्रकार काय थोडे होतात? रेषा निदान आधी आखायला लावते. पण रेषा ठेवण्यासाठी हा शब्द ठेवायची गरज नाही. ‘आम्ही आधी ठरवलेली ०.०५ ची मर्यादा ओलांडली / ओलांडली नाही’ असं लिहिता येतं. वाक्य लांब होतं, कबूल. पण ऐकणाऱ्याला त्यातून ‘महत्त्वाचं’ असं ऐकू येत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना तर मी आग्रहाने सांगेन की प्रबंधात लक्षणीय आणि सार्थ हे शब्द आकड्याशिवाय एकटे सोडू नका.

तुम्ही गाइड नाही, विद्यापीठाचा नमुना बदलू शकत नाही, हे मला माहीत आहे. मीही बदलू शकलेले नाही. पण एवढं तुमच्या हातात आहे :

१. ‘फरक आहे’ लिहिण्याआधी ‘किती’ लिहा, आणि मोजमापाच्या एककात लिहा. गुण, मिनिटं, रुपये, किलो.

२. त्याच्या शेजारी कॉन्फिडन्स इंटर्व्हल द्या. पी व्हॅल्यू त्यानंतर, आणि पूर्ण. ०.०४८ असेल तर ०.०४८, नुसतं ‘०.०५ पेक्षा कमी’ नको.

३. ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार’ऐवजी ‘शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असं लिहा. गाइडनी विचारलं तर वरचं ५०-५० मुलांचं गणित त्यांच्यासमोर मांडा, वाद घालू नका.

४. एका गटात निकाल सिग्निफिकंट आणि दुसऱ्यात नाही, म्हणून दोन गटांत फरक आहे असं म्हणू नका. तो फरक वेगळा तपासावा लागतो. अँड्र्यू गेलमन आणि हल स्टर्न यांचा २००६ चा लेख फक्त या एका चुकीवर आहे, जरूर वाचा.

५. किती फरक उपयोगाचा, हे डेटा गोळा करण्याआधी ठरवा. आणि ते एकट्याने ठरवू नका. ज्यांच्यासाठी संशोधन आहे त्यांना विचारा.

पाचवा मुद्दा मी त्या सरांकडून शिकले. पुढच्या टप्प्याचं काम सुरू करण्याआधी मी त्यांना फोन केला आणि विचारलं, “सर, रोजचा अर्धा तास द्यायचा तर किती गुण वाढायला हवेत?” ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “गुणांचं राहू द्या मॅडम. चौथीतल्या मुलाला पानभर धडा न अडखळता वाचता आला, तर देतो अर्धा तास.”

माझ्या चाचणीत सलग वाचनाचा एकही प्रश्न नव्हता. आता चाचणी नव्याने करते आहे.